वडिलांचं बडोदा, माझं वडोदरा

प्रश्न : ताई, वडिलांच्या जन्मदाखल्यावर 'बडोदा' आहे, माझ्या आधारवर 'वडोदरा', आणि घरात आम्ही सगळे 'बडोदे' म्हणतो. गावाचं नाव ठरवतं तरी कोण? आपण मराठी मंडळींनी मिळून अर्ज केला तर 'बडोदे' मिळेल का? आणि दाखला बदलून घ्यावा लागेल का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : मधलं आधी सांगून टाकते. नाही मिळणार. केंद्रीय गृहखात्याने १९५३ साली राज्यांना नियम घालून दिले, त्यात सरळ म्हटलंय की नुसत्या स्थानिक अभिमानापोटी किंवा भाषेच्या कारणावरून नाव बदलू नये. अंगवळणी पडलेलं नाव तर खास कारण असल्याशिवाय हलवूच नये. (हल्ली नावं भराभर बदलताहेत, त्या सगळ्यांना खास कारणं सापडली असावीत!)

प्रस्ताव राज्य सरकारचा. गृहखातं त्यावर रेल्वे, टपाल आणि सर्व्हे ऑफ इंडियाला विचारतं. त्यांची हरकत नसली की मंजुरी, मग राज्याचं राजपत्र. राज्याचंच नाव बदलायचं तर संसदेत कायदा लागतो. ओरिसाचं ओडिशा २०११मध्ये झालं ते तसंच. गल्ल्या-चौकांची नावं महापालिका बघते.

यात टपालखातं कशाला, असं वाटेल. मी आरएमएसमध्ये, म्हणजे टपालखात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, नोकरी केलेली बाई. हमीरपूर एक हिमाचलात, दुसरं उत्तर प्रदेशात. पाकिटावर नुसतं 'हमीरपूर' आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तर ते टाकायचं कुठल्या कप्प्यात? १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड सुरू झाला तो याच घोळावर उपाय म्हणून, आणि तो काढला टपालखात्यातल्या आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. तुम्ही ३९०००१ लिहा, वर बडोदे घाला नाहीतर बरोडा, पत्र आपल्या शहरातल्या रावपुऱ्यातच येणार. नवं नाव ठेवताना राज्यात किंवा आसपास त्याच नावाचं दुसरं गाव नाही ना हे बघा, असंही त्या १९५३च्या नियमांत आहे. मला विचाराल तर सगळ्यात कामाचा नियम हाच.

आपलं शहर कागदोपत्री 'वडोदरा' झालं १९७४मध्ये. पण गावाचं नाव बदललं म्हणून गावातल्या संस्थांचं आपोआप बदलत नाही. सयाजीराव विद्यापीठ १९४९च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालं, त्याच्या नावात 'बरोडा' आजही आहे. 'बँक ऑफ बरोडा'च्याही. स्टेशनच्या पाटीवर वडोदरा वाचून तिकीट बघा, कोड अजून बीआरसीच.

तेव्हा दाखल्यासाठी धावपळ करू नका. वडील जन्मले तेव्हाचं नाव त्यावर आहे, त्यात चूक काहीच नाही. एखाद्या खिडकीवर अडवलंच, तर नामांतराच्या राजपत्राची प्रत पुढे करा. 'शपथपत्र करून देतो' म्हणणाऱ्या एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी तेवढं नक्की करा.