ऑटोकॅडवरून बीआयएमवर जाताना सॉफ्टवेअर शेवटी ठरवा

ऑफिस ठाण्यात, माणसं पाच, स्ट्रक्चरल कन्सल्टंट बेलापूरला, एमईपीवाले (वीज, पाणी, एसीचे सल्लागार) वाशीला, हातात घोडबंदर रोडवरची २२ मजल्यांची इमारत आणि ड्रॉइंगची सगळी देवाणघेवाण व्हॉट्सअॅपवर. अशात बीआयएमसाठी, म्हणजे इमारतीच्या माहितीसह त्रिमितीय मॉडेलसाठी, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

ते शेवटी बघू. आधी तुमचा, स्ट्रक्चरलवाल्याचा आणि एमईपीवाल्याचा असा तिघांचा शून्यबिंदू एक करा, कारण पहिल्या महिन्यातली निम्मी डोकेदुखी तिथूनच येते. डीजीपीएसने (अचूक जीपीएसने) केलेला सर्व्हे बहुधा यूटीएम ४३ या नकाशाच्या मीटरमधल्या निर्देशांक पद्धतीत मिळतो. त्यात ठाण्याचा पूर्वेचा आकडा २.८ लाख मीटरच्या आसपास आणि उत्तरेचा २१ लाखांच्या पुढे असतो. रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरच्या आतल्या मूळ बिंदूपासून भूमिती साधारण १६ किलोमीटरपलीकडे गेली की रेषा आणि मापं बिघडायला लागतात. म्हणून ग्रिड ए आणि ग्रिड १ (कॉलमच्या आखणीच्या रेषा) जिथे छेदतात तो बिंदू मूळ बिंदूजवळ ठेवा आणि सर्व्हेचे खरे आकडे फक्त शेअर्ड कोऑर्डिनेट्समध्ये (सगळ्या मॉडेल्सच्या सामाईक निर्देशांकांत) भरा. बाकीच्या दोघांनी ते तुमच्या मॉडेलमधून घ्यायचे, हाताने टाइप करायचे नाहीत. सर्व्हेअर मीटरमध्ये काम करतो, तुम्ही मिलिमीटरमध्ये. लिंक करताना एकक तपासलं नाही तर प्लॉट हजारपट लहान येतो. तळमजल्याचा शून्य म्हणजे किती आरएल (सर्व्हेतली पातळी), हेही लेखी ठेवा.

दुसरी गोष्ट, कोण काय मॉडेल करणार. कॉलम, बीम, स्लॅब फक्त स्ट्रक्चरलवाल्याचे. तुम्हीही कॉलम काढलेत तर तपासणीत एकावर एक बसलेल्या कॉलमचे शेकडो खोटे क्लॅश (एकमेकांत घुसलेले भाग) येतात आणि खरे त्यात हरवतात.

तपासणीही एकदम 'सगळं विरुद्ध सगळं' अशी चालवू नका. आधी स्ट्रक्चर विरुद्ध ड्रेनेज, कारण उताराचा पाइप हवा तसा वळवता येत नाही. १:६० उताराने ६ मीटर गेलेला पाइप १०० मिमी खाली उतरतो. मग डक्ट, मग स्प्रिंकलर, शेवटी केबल ट्रे. सुरुवातीला १० मिमीपेक्षा कमी घुसखोरी सोडून द्या.

खरी कमाई पोडियम पार्किंगमध्ये आहे. मजल्याची उंची ३६०० असेल, त्यातून बीम ७५० आणि फ्लोअरिंग ७५ गेलं की २७७५ उरतात. त्याखालून ३५० चा डक्ट आणि २५ चा सपोर्ट गेला की बरोबर २४००. आता गाड्यांसाठी ही २४०० ची उंची मोकळी ठेवून स्प्रिंकलरचा पाइप डक्टच्या खालून न्यायचा म्हटलं तर जागाच नाही. स्वतंत्र प्लॅनवर हे दिसत नाही, मॉडेलमध्ये दोन मिनिटांत दिसतं.

तुमच्याकडे मायव्हान (अ‍ॅल्युमिनियमचं) शटरिंग असेल तर उशीर परवडणारच नाही. भिंती आरसीसीच्या, त्यामुळे स्लीव्ह (पाइप जाण्यासाठीची नळी) आणि कॉन्ड्युट (वायरची नळी) काँक्रीट पडण्याआधीच जागेवर लागतात. राहिलं तर कोअर कटिंग, म्हणजे नंतर काँक्रीटला भोक पाडणं, तेही स्ट्रक्चरलवाल्याची परवानगी घेऊन, आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक मजल्यावर. म्हणून टिपिकल मजल्याचं स्लीव्ह ड्रॉइंग शटरिंगची शॉप ड्रॉइंग पक्की होण्याआधी गोठवा.

आठवड्याचा वार बांधून घ्या. मंगळवारी संध्याकाळी तिघांची मॉडेल्स एका फोल्डरमध्ये, बुधवारी तपासणी, गुरुवारी तासभर कॉल. प्रत्येक मुद्दा बीसीएफ या फाइल प्रकारात, म्हणजे समोरच्याला थेट त्याच जागेचा व्ह्यू उघडतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं ड्रॉइंग अधिकृत नाही, हा नियम पाळायला जड जातो, पण पाळाच.

आता सॉफ्टवेअर. रेव्हिट एलटी स्वस्त आहे, पण त्यात वर्कशेअरिंग (एकाच मॉडेलवर अनेकांनी एकत्र काम करण्याची सोय) नाही. दोघांना एकाच मॉडेलवर काम करायचं असेल तर ते उपयोगाचं नाही. सेंट्रल फाइल (सगळ्यांच्या कामाची मुख्य फाइल) साध्या क्लाउड ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका, ती तुटते. तिघांची आवृत्ती एकच हवी: नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. कन्सल्टंट वेगळं सॉफ्टवेअर वापरत असेल तर आयएफसी (कोणत्याही बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये चालणारा खुला फाइल प्रकार) घ्या. ती बघायला-तपासायला बोन्साय हे सॉफ्टवेअर फुकट आहे. महापालिकेच्या ऑनलाइन छाननीसाठी ठरलेल्या लेयरमधली डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) लागतेच, त्यामुळे ऑटोकॅडचं एक लायसन्स ठेवा. सिंगापूरने परवानगीसाठी आयएफसी मॉडेल घ्यायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे त्यासाठी थांबू नका.

एआयची रेंडर्स क्लायंटला पहिल्या बैठकीत दाखवायला ठीक. त्यातल्या खिडकीचं माप घेऊ नका, इतकंच. तसंच नौपाड्यातल्या जुन्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसाठी फोनमधल्या लायडारवर (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरवर) कार्पेट एरिया काढू नका. त्याचा पल्ला साधारण ५ मीटर, चूक काही सेंटिमीटरची, आणि सभासद इंचाइंचासाठी भांडतात. तिथे लेझर स्कॅनर भाड्याने आणा.

पहिल्या कामात पोडियम आणि एकच टिपिकल मजला घ्या. आणि एमईपीवाल्याच्या फीमध्ये मॉडेल धरलंय का, हे नेमणुकीचं पत्र देण्याआधी विचारा. धरलं नसेल तर ते मॉडेल रात्री बसून तुमच्याच ऑफिसमधला मुलगा-मुलगी उभं करणार, आणि त्याची जबाबदारीही तुमच्याच सहीवर येणार.