धूळ कंपनीची, मार पोलिसांचा: दाद कुठे मागायची?

प्रश्न: आमचा गाव डिचोली तालुक्यात खाणीच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात खाणीवरच्या मातीच्या ढिगाऱ्यांतून गाळ वाहून येतो आणि सखल भागातली भातशेती गाडली जाते. उन्हाळ्यात ट्रकांची धूळ घरात शिरते, विहिरी मार्चमध्येच तळ गाठतात. पंचायत खाण खात्याकडे बोट दाखवते, खाण खाते प्रदूषण मंडळाकडे, आणि कंपनी म्हणते की आमच्याकडे सर्व परवाने आहेत. परवाने असलेल्या कंपनीकडून भरपाई मागता येते का?
(एक शेतकरी, डिचोली)

उत्तर: मागता येते. परवाना दाखवला की गाव माघार घेतो, हे कंपन्यांना ठाऊक असते; वास्तविक लढ्याची सुरुवात त्या परवान्यापासूनच करायला हवी. पर्यावरण मंजुरी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, हे दोन्ही कागद अटींवर दिलेले असतात. ढिगाऱ्यांचा गाळ अडवणे, रस्त्यावर पाणी मारणे, ट्रक ताडपत्रीने झाकणे, आसपासच्या विहिरींची पातळी ठरावीक काळाने मोजणे अशा अटी खाणींच्या मंजुरीत नेहमी आढळतात. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे या अटी पाळल्याचा अहवाल कंपनीला वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबर रोजी, सादर करावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असल्यामुळे अर्ज करणाऱ्या कोणालाही त्याची प्रत मिळाली पाहिजे. मिळाली नाही, तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. त्या अहवालात विहिरींना पुरेसे पाणी असल्याचे कंपनीने स्वतःच्या सहीने लिहिलेले असेल आणि त्याच महिन्यात तुमच्या वाड्यावर टँकर येत असेल, तर तुमच्या प्रकरणाचा अर्धा पुरावा कंपनीनेच लिहून दिला आहे असे समजा.

उरलेला अर्धा पुरावा तुम्हाला गोळा करायचा आहे आणि त्यात विलंब परवडत नाही. गाळ ओला असतानाच तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, मामलेदारांकडे अर्ज द्या, विभागीय कृषी कार्यालयाकडून नुकसानीची पाहणी मागा आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोचीचा शिक्का घ्या. पावसाळा संपल्यावर वाळलेल्या शेतात उभे राहून गाळ कोठून आला हे सिद्ध करणे फार अवघड जाते.

यानंतर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे नोटीस. जल प्रदूषण कायद्याच्या कलम ४९ आणि वायू प्रदूषण कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे कोणीही नागरिक मंडळाला साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन त्यानंतर स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो, आणि अशा व्यक्तीने मागितल्यास मंडळाने आपल्याकडील संबंधित अहवाल तिला द्यावेत, असे त्याच कलमांत म्हटले आहे. ही तरतूद फार थोडे लोक वापरतात. मंडळाच्या साळगावच्या कार्यालयात साधे निवेदन गेले तर ते फायलीत पडून राहू शकते. या कलमांचा उल्लेख असलेली नोटीस गेली की त्या दिवसापासून मुदत मोजली जाते.

दुसरी वाट राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाची. भरपाई आणि बिघडलेले पर्यावरण पूर्ववत करून घेण्यासाठी लवादाच्या २०१० च्या कायद्यातील कलम १५ खाली अर्ज करता येतो आणि त्याची मुदत दाव्याचे कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षे आहे. कलम १४ खालील इतर पर्यावरणीय वादांसाठी मात्र ती अवघी सहा महिने आहे, आणि मुदत हुकल्यामुळे चांगली प्रकरणे वाया जातात. भरपाईच्या अर्जावर मागितलेल्या रकमेच्या एक टक्का शुल्क पडते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच किंमत मोजावी हे तत्त्व लवादाला कायद्यानेच लागू केले आहे, आणि एखादा बांध फुटल्यासारखा अपघात घडला असेल तर कंपनीचा दोष सिद्ध न होताही भरपाई देता येते.

जिल्हा खनिज निधीतून गावात काही कामे होतील, त्यांना भरपाई समजू नका. भाडेपट्टाधारकांनी रॉयल्टीच्या प्रमाणात भरलेल्या पैशांतून खाणबाधित भागांसाठी उभारलेला तो निधी आहे, आणि त्यातून नळ आला म्हणून तुमच्या शेताचा दावा संपत नाही. कंपनी दरवर्षी थोडी रक्कम देऊन पावतीवर सही घेत असेल, तर त्या पावतीत ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असे वाक्य आहे का, ते मात्र सहीआधी वाचा.

सरकारच कंपनीच्या बाजूने असेल तर काय, अशी शंका तुमच्या पत्राच्या शेवटी आहे. गोव्याने तेही पाहिले आहे. २१ एप्रिल २०१४ रोजी गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की राज्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती, म्हणजे त्यानंतरचे उत्खनन बेकायदा होते. एवढी वर्षे परवाने, रॉयल्टीच्या पावत्या आणि वाहतुकीचे पास रीतसर चालूच होते. पुढे राज्याने त्या पट्ट्यांचे नूतनीकरण केले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने अशी ८८ नूतनीकरणे रद्द केली. सरकारी शिक्का असलेले सगळेच कायदेशीर असते, असे मानण्याचे कारण त्यानंतर गोवेकरांपुरते तरी उरलेले नाही.

ट्रक अडवण्याचा विचार गावात चालू असल्याचे तुम्ही लिहिता. राग समजण्यासारखा आहे, तरी २०१७ साली सत्तरीतील सोनशी येथे खनिजवाहू ट्रक अडवणाऱ्या ग्रामस्थांनाच अटक झाली होती, हे आठवावे. धुळीची तक्रार मग बाजूला पडते आणि गाव जामिनाच्या मागे धावू लागतो.

प्रश्न: चोरीच्या संशयावरून माझ्या भाच्याला पोलिसांनी रात्री नेले, सकाळपर्यंत चौकीत ठेवून मारहाण केली आणि काहीही नोंद न करता सोडून दिले. पोलिसांविरुद्धची तक्रार त्याच ठाण्यात घेत नाहीत. आम्ही कोणाकडे जावे?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर: सर्वांत आधी डॉक्टरकडे जावे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात (गोमेकॉत) किंवा जवळच्या सरकारी इस्पितळात भाच्याला तपासून घ्या आणि मार कोणी, कोठे दिला हे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत लिहून घेण्याचा आग्रह धरा. वळ चार दिवसांत मावळतात आणि खाजगी दवाखान्यातली चिठ्ठी न्यायालयात कमी पडते.

त्याच दिवशी सीसीटीव्हीसाठी अर्ज करा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, वऱ्हांडा आणि निरीक्षकाची खोली टिपणारे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपण्याचा आदेश दिला. अधीक्षक, राज्य मानवाधिकार आयोग आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण या तिघांनाही तारीख आणि वेळ घालून ‘हे चित्रण जपून ठेवावे’ असे लिहा. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले, तर तेही लेखी मागा. न्यायालयापुढे ते उत्तर पोलिसांना महागात पडू शकते.

तक्रार घेत नाहीत याला कायद्यात उत्तर आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली घटनापीठाने ठरवले. ठाण्याने नकार दिल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवावी, आणि तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. आरोपी लोकसेवक असल्यास दंडाधिकारी आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल आणि त्याचे स्वतःचे म्हणणे पाहतात, त्यामुळे वेळ लागेल. कबुली काढण्यासाठी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. तक्रारीत ‘गैरवर्तन’ असे मोघम न लिहिता हे कलम लिहा.

पोलीस तक्रार प्राधिकरण हे प्रकाश सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशातून आलेले आहे. तेथे वकिलाशिवाय जाता येते, हा त्याचा मोठा उपयोग. मात्र केवळ त्याच्या भरवशावर राहू नये, कारण त्याची चौकशी चालू आहे म्हणून तुमच्या इतर मुदती थांबत नाहीत. मानवाधिकार आयोगाकडे तर घटनेपासून एक वर्षाच्या आतच तक्रार गेली पाहिजे. भरपाई हवी असल्यास पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते; कोठडीत मुलगा गमावलेल्या नीलाबती बेहरा यांना १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देवविले, तेव्हापासून हा मार्ग पक्का झाला आहे.

प्रश्न: कंपनी दोषी ठरली तर तुरुंगात कोण जाते?
(एक वाचक, साखळी)

उत्तर: बहुतेक वेळा कोणीही नाही. कंपनीला कैद देता येत नाही म्हणून तिच्यावरचा खटलाच टळत नाही, हे २००५ साली स्टँडर्ड चार्टर्ड प्रकरणात ठरले. दंड मात्र होतो. संचालकांना गोवायचे असल्यास त्यांचा त्या कृत्याशी संबंध दाखवावा लागतो. भोपाळमध्ये १९८४ साली युनियन कार्बाइडच्या वायुगळतीत हजारो माणसे मेली, आणि ७ जून २०१० रोजी कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांना झालेली शिक्षा दोन वर्षांची होती. त्यातच २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील उल्लंघनांसाठीची कैद काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाखांपर्यंतचा आर्थिक दंड आणला. दंड भरला नाही तरच तुरुंगाचा प्रश्न येतो. आमच्या मते हा बदल जनतेच्या हिताचा नाही. म्हणून तक्रार लिहिताना मुंबईच्या अध्यक्षांच्या नावावर वेळ न घालवता, खाणीवर नेमलेल्या एजंटचे (मालकाच्या वतीने खाण पाहणाऱ्याचे) आणि व्यवस्थापकाचे नाव माहिती अधिकारातून मिळवून ते आधी घालावे, कारण त्या खाणीवर रोज कोण हजर होते हे त्या नोंदींवरूनच दाखवता येते.