कोचला होकार कळवण्याआधी

ठाणे (पश्चिम)

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं त्या बिझनेस कोचचं माहितीपत्रक दोन्ही नीट वाचलं. सहा महिन्यांचा कार्यक्रम, फी दीड लाख, वर १८ टक्के जीएसटी, आणि शनिवारपर्यंत होकार कळवला तर सवलत. "काका, घेऊ का?" एवढंच तू विचारलंयस. पण पत्र दोनदा वाचूनही तुझी अडचण मला सापडली नाही. "धंदा पुढच्या पातळीवर न्यायचाय" हे वाक्य त्या माहितीपत्रकातलं आहे. रबाळ्यातल्या तुझ्या गाळ्यात काय अडलंय, ते त्यात कुठेच नाही.

म्हणून आधी तू कळवलेल्या आकड्यांकडे जाऊ. महिन्याला साधारण ९ लाखांची पुठ्ठ्याची खोकी जातात आणि पार्ट्या, म्हणजे तुझी गिऱ्हाईकं, सरासरी ७५ दिवसांनी पैसे देतात. म्हणजे कुठल्याही दिवशी तुझे साडेबावीस लाख लोकांच्या खिशात आहेत. कोच म्हणतो, सहा महिन्यांत विक्री १२ लाखांवर नेऊ. समजा नेली, पण उधारी ७५ दिवसांचीच राहिली. मग बाहेर अडकलेली रक्कम होते ३० लाख. वरचे साडेसात लाख कुठून आणणार? क्राफ्ट कागदवाला तर तुला पंधरा दिवसांवर थांबत नाही. आता उलटं करून बघ. विक्री ९ लाखच ठेव आणि उधारी ५० दिवसांवर आण. बाहेर राहतात १५ लाख, आणि तेवढेच साडेसात लाख तुझ्या हातात येतात. एका रस्त्याने ते कर्जाने आणावे लागतात, दुसऱ्याने आपलेच परत मिळतात. तुला कुठल्या रस्त्यासाठी माणूस हवाय, हे ठरल्याशिवाय कोणाचीही फी महाग की स्वस्त ते कळणार नाही.

आणि उधारी लांबते का, याचं निम्मं उत्तर बहुधा तुझ्याच टेबलावर असेल. बिल डिलिव्हरीच्या दिवशी बनतं, पण पार्टीच्या अकाउंट्सकडे महिनाअखेरीस गठ्ठ्याने पोचतं, असं चालतं का बघ. तसं असेल तर सरासरी १५ दिवस तिथेच गेले, कारण त्यांची मोजणी बिल हातात पडल्यापासून सुरू होते. दुसरं कारण चलनावरची संख्या. चलनावर १००० खोकी, त्यांच्या गोदामात मोजली ९८०, आणि त्या वीस खोक्यांपायी अख्खं बिल बाजूला. चलनावर त्यांच्या माणसाची मोजणीची सही त्याच वेळी घेतली की हा वाद उरत नाही. तिसरं, तुझा उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा नंबर, बिलावर छापलाय का? उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, हे २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात आहे. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या वर्षापासून, मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. तीन मोठ्या पार्ट्यांच्या अकाउंट्सना फेब्रुवारीतच एक सभ्य पत्र गेलं, तर मार्चमध्ये फरक दिसतो. यासाठी कोच लागत नाही. आठवड्यातून दोन अर्धे दिवस येणारा, न लाजता फोन करणारा हिशेबनीस लागतो.

आता फीचा हिशेब. दीड लाखावर १८ टक्के म्हणजे २७ हजार, एकूण १ लाख ७७ हजार. जीएसटीचं क्रेडिट मिळेल, म्हणजे हा कर तुझ्या विक्रीवरच्या करातून वजा होईल, असं कोचने तुला सांगितलंय. मिळेल, पण तुझ्या धंद्यात ते बरंचसं पडून राहील. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ५ टक्के कर आहे आणि क्राफ्ट कागदावर १८. तुझ्या खात्यात क्रेडिट आधीच साठतंय, आणि अशा उलट्या दरांचा (कच्च्या मालावर जास्त, विक्रीवर कमी) परतावा मागताना मालावरचा कर धरतात, सेवांवरचा धरत नाहीत. म्हणून ते २७ हजार खर्चातच धर. तू लिहिलंयस की कागद, गम, तार, शाई, भाडं-वाहतूक आणि कामाबरोबर वाढणारी मजुरी वजा जाता शंभरातले १४ रुपये उरतात. मग १ लाख ७७ हजार भरून निघायला साडेबारा लाखांहून जास्त विक्री वाढावी लागेल, म्हणजे जवळजवळ दीड महिन्याचं काम, तेही फक्त बरोबरीला यायला. माझ्या मते फीची मर्यादा अशी ठेवावी: ज्या एका आकड्यासाठी माणूस घेतोय, त्यातून वर्षभरात होणाऱ्या फायद्याच्या एक-तृतीयांशाच्या वर जायचं नाही. सगळं ठरल्यासारखं कधीच होत नाही, म्हणून ही मोकळी जागा.

कोच, मेंटॉर, सल्लागार आणि ट्रेनर हे चार शब्द सध्या एकाच व्हिजिटिंग कार्डावर सापडतात, पण त्यांची कामं वेगळी. सल्लागार तुझ्या गाळ्यात येऊन मोजतो, कागदावर लिहून देतो, बदल बसवतो. मेंटॉर म्हणजे त्याच वाटेने आधी गेलेला माणूस, बहुधा फी न घेणारा, वेळही त्याच्या सोयीचा. ट्रेनर ठरलेला विषय शिकवतो. कोच प्रश्न विचारून तुझ्याकडून निर्णय काढून घेतो आणि पुढच्या वेळी "केलंस का?" विचारतो. तुझी अडचण माहितीची असेल तर कोच निरुपयोगी. माहिती आहे, तरी हातून होत नाही, भाववाढ सांगायला जीभ रेटत नाही, सुपरवायझरवर काम सोडवत नाही, असं असेल तर चांगला कोच पैसे वसूल करून देतो.

कोचच्या धंद्याला परवाना लागत नाही, हेही लक्षात ठेव. सीएला १९४९ च्या कायद्याखालच्या संस्थेचं सभासदत्व लागतं. "बिझनेस कोच" अशी पाटी उद्या कोणीही लावू शकतो. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं असतात, त्यांना थोडा अर्थ आहे: पहिल्या पायरीच्या एसीसीसाठी किमान १०० तास कोचिंग केलेलं असावं लागतं, त्यावरच्या पीसीसीसाठी ५००, सगळ्यात वरच्या एमसीसीसाठी २५००. त्यावरून माणसाने किती तास हे काम केलंय ते कळतं. थ्री-प्लाय आणि फाइव्ह-प्लाय, म्हणजे तीन आणि पाच थरांच्या पुठ्ठ्यातला फरक त्याला कळतो की नाही, ते कळत नाही.

तू ओझरतं लिहिलंयस की कागदाची वेस्टेज ९ टक्क्यांवर गेलीय. अगं, ते ओझरतं लिहिण्यासारखं नाही. महिन्याचा कागद ५ लाख ४० हजारांचा धरला, तर त्या नवातले तीन टक्के वाचवले तरी महिन्याला १६ हजार २०० रुपये. रद्दीचे जे मिळतात ते वजा कर, तरी वर्षाचा आकडा लाखाच्या वर जाईल. हे सल्लागाराचं काम, आणि त्यासाठी सरकारी मदत आहे. मार्च २०२३ मध्ये नव्याने आणलेल्या, कारखान्यातली नासाडी कमी करण्यासाठीच्या एमएसएमई लीन योजनेत पहिली, बेसिक पातळी मोफत आहे. पुढच्या दोन पातळ्यांवर सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र सरकारचा, आणि महिलांच्या मालकीच्या उद्योगाला आणखी ५ टक्के. अर्ज ऑनलाइन असतो आणि उद्यम नोंदणी लागते. ती नोंदणी पूर्ण मोफत आहे. जो "उद्यम काढून देतो, तीन हजार द्या" म्हणतो, त्याच्याशी पुढचं बोलणंच नको. रबाळ्यातच ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, वागळे इस्टेटमध्ये ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन. तिथे दोन-तीन बैठकांना जाऊन बस. निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर तिथे भेटतात, आणि त्यांना विचारलेलं आवडतं. जिल्हा उद्योग केंद्रातही एक फेरी मार, फक्त तिथे धीर बरोबर ने.

एवढं करूनही कोच हवा असं वाटलं, तर निवड अशी कर. पहिल्या भेटीआधी एक पान पाठव: गेल्या १२ महिन्यांची विक्री, कागदाची खरेदी, ३०-६०-९० दिवसांप्रमाणे येणी, पहिल्या पाच पार्ट्यांचा वाटा, वेस्टेज. भेटीत त्याने ते पान उघडलं का, ते बघ. अर्ध्या तासात तो वीस मिनिटं स्वतःबद्दल बोलला, तर सहा महिने तेच होणार. तीन जुन्या ग्राहकांचे नंबर माग, त्यातला एक मध्येच सोडून गेलेला असू दे. "सगळे खूश आहेत" हे उत्तर मी नकार समजतो. त्या तिघांना विचार: कुठला आकडा किती हलला, सेशनला तो स्वतः यायचा की टीममधलं कोणी, आणि संपल्यावर पुढचा मोठा पॅकेज विकायचा प्रयत्न झाला का. व्हिडिओतल्या शिफारशींना फार किंमत देऊ नकोस, त्या बहुतेक पहिल्या महिन्याच्या उत्साहात घेतलेल्या असतात. महापे-तुर्भ्याच्या पट्ट्यातला दुसरा खोकीवाला त्याच्याकडे आहे का, हेही सरळ विचार. एपीएमसीतल्या मसालेवाल्यांना तुम्ही दोघंही खोकीवाले माल देता, आणि तुझी दरपत्रकं कोचच्या लॅपटॉपवर असणार. सॉफ्टवेअर किंवा कर्ज मिळवून देण्यावर तो कमिशन घेतो का? घेणं गुन्हा नाही, लपवणं वाईट.

कोच लोक वाशीच्या हॉटेलात चाळीस जणांची बॅच घेतात, ती वेगळी गोष्ट. दिवसभर बसून ओळखी होतात, जेवण बरं असतं, आणि फी त्याच मापाची असेल तर जायला हरकत नाही. तिथे दुपारी चारनंतर पुढच्या कार्यक्रमाचे फॉर्म फिरतात, तेव्हा क्रेडिट कार्ड गाळ्यात राहिलेलं बरं.

करार दोन पानांचा पुरे, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर. त्यात आकडा लिहायचा: "येणी ७५ दिवसांवरून ५५ वर आणण्यासाठी". सेशन किती आणि किती वेळाची, तेही. बारा सेशन दीड-दीड तासाची, त्यातली निदान दोन गाळ्यात, मशीन चालू असताना. सेशन तो स्वतः घेईल हे नावानिशी. फी महिन्याच्या शेवटी २५ हजार. सगळी आगाऊ मागत असेल तर दोन महिन्यांच्या वर देऊ नकोस. ३० दिवसांची नोटीस देऊन कोणीही थांबू शकेल, आणि न झालेल्या सेशनचे पैसे परत. पार्ट्यांची नावं, दर, कागदाचे पुरवठादार गोपनीय. काही जण वाढीतला टक्का मागतात. द्यायचाच असेल तर वसूल झालेल्या रकमेतल्या नफ्यावर दे, बिलांच्या बेरजेवर कधीच नको, नाही तर उधारीवर माल ओतायचा सल्ला मिळेल आणि टक्का त्याला मिळेल. हे सगळं आधीच लिहून घ्यायचं कारण असं की नंतर ग्राहक आयोगाकडे जायचं म्हटलं, तर सेवा व्यावसायिक हेतूने घेतली हा मुद्दा आडवा येतो, आणि दिवाणी दाव्याला तुला वेळ नाही.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा आयकर, विसरू नकोस. गेल्या वर्षीची तुझी उलाढाल १ कोटी ८ लाख आहे, म्हणजे एक कोटीच्या वर. त्यामुळे व्यावसायिक फी वर्षाला ५० हजारांच्या पुढे गेली की १० टक्के कापून भरावे लागतात, जीएसटी सोडून उरलेल्या रकमेवर. दीड लाखावर १५ हजार. टॅन (टीडीएस भरायला लागणारा नंबर) नसेल तर काढ, आणि या फीला कुठला दर लावायचा ते सीएकडून लेखी घे.

सुरू केल्यावर बिघडतं ते बहुतेक दुसऱ्या महिन्यात. ऑपरेटर गावी जातो, तू स्वतः स्टिचिंगला बसतेस, ठरलेलं काम होत नाही, आणि सेशन म्हणजे दीड तास गाऱ्हाणी. ऐकणारा माणूस मिळाला की बरं वाटतं, म्हणून हे बरेच दिवस लक्षातही येत नाही. दोन सेशनच्या मधे स्वतःचे तीन तास आधीच राखून ठेव. ते जमणार नसतील, तर आत्ता घेऊच नकोस, दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्यावर घे. दुसरी खूण: प्रत्येक वेळी नवा विषय निघतो. आज वसुली, पुढच्या वेळी ब्रँडिंग, मग इन्स्टाग्राम. खोकी विकणाऱ्याला इन्स्टाग्राम कशाला, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. सहाव्या सेशनला करारातला आकडा समोर ठेव. ७५ चे ६८-७० झाले असतील तर चालू ठेव. ७५ च असतील आणि तू ठरलेलं सगळं केलं असशील, तर नोटीस दे. तूच केलं नसशील, तरीही थांब, फक्त त्याला दोष देऊ नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. शनिवारच्या सवलतीबद्दल त्याला एवढंच लिही: "माझं आकड्यांचं पान आणि कराराचा मसुदा सोबत पाठवत आहे. तीन संदर्भांशी बोलून झाल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी कळवते. तोपर्यंत हाच दर राहील का?" काय उत्तर येतं ते मला कळव, आणि येण्यांची यादीही पाठव, पार्ट्यांची नावं झाकून.