‘तोवर वापरलं तर चालेल का?’ : भांड्यांविषयी प्रश्नोत्तरे

धनत्रयोदशी जवळ आली की भांड्यांचा बाजार फुलतो आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचाही. प्रश्न दरवर्षी तेच, फक्त ऐकीव माहिती नवी. म्हणून सगळ्यांना इथेच उत्तरं देतो.

प्रश्न : दुकानदारानं लोहचुंबक लावून दाखवलं, पातेल्याला चिकटलं नाही. म्हणजे स्टील 304 आहे ना?

तसं सिद्ध होत नाही. 304 हा स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड, म्हणजे प्रत; त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज वाढवलेलं 202 सारखं स्वस्त स्टील मिळतं, आणि चुंबक सहसा त्यालाही चिकटत नाही. दुकानातल्या या प्रयोगाचा उपयोग इतकाच की इंडक्शनची शेगडी असेल तर भांड्याचा तळ चुंबक धरतो का ते कळतं. ग्रेड बिलावर लिहून मागा. दुकानदार आढेवेढे घेऊ लागला तर दुसरं दुकान गाठा.

प्रश्न : तांब्याच्या भांड्यात रात्रभर लिंबूपाणी ठेवून सकाळी प्यावं का?

नाही.

प्रश्न : सुनेनं ऑनलाइन पितळेची कढई आणि दोन पातेली मागवली. ‘आतून कोटिंग आहे, कल्हईची गरज नाही’ असं विक्रेता म्हणाला होता. आता आतून पिवळं दिसू लागलंय आणि परवा आमटी कळकली. आमच्या भागात कल्हईवाला येत नाही. तो मिळेपर्यंत वापरलं तर चालेल का? घरात दोन वर्षांचा नातू आहे.

चालणार नाही. आजच ती भांडी ओट्यावरून खाली उतरवा. हे ‘तोवर’ महिनोन् महिने चालतं, हे मला पत्रांवरून चांगलं ठाऊक आहे.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमसूल, चिंच, टोमॅटो, ताक यांतलं आम्ल दोन्ही धातू पदार्थात उतरवतं. मळमळ, उलट्या, पोटात कळा हे त्याचे नेहमीचे परिणाम. ‘आमच्या आजीचा सगळा स्वयंपाक पितळेत व्हायचा’ असं मला हमखास ऐकवलं जातं. व्हायचा, पण आजी वेळच्या वेळी कल्हई करून घ्यायची आणि लोणचं चिनी मातीच्या बरणीत घालायची. तेवढा भाग जाहिरातीत गाळलेला असतो.

विक्रेत्याचं ‘कोटिंग’ नेमकं कशाचं, ते त्याला लेखी विचारा. शोभेच्या पितळेवर चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लॅकर मारतात. तसलं भांडं चुलीवर चढवायचं नसतं. खरी कल्हई कथलाची, म्हणजे टिनची असते. भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, मग कथील वितळवून कापसाच्या बोळ्यानं आतून फिरवायचं. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून फोन घ्यायला गेलात की कल्हई गेलीच. तारेच्या घासणीनंही ती उडते.

आता माझी खरी काळजी. कथील महाग आणि शिसं स्वस्त. दोन्ही मिसळलेला धातू शुद्ध कथलापेक्षा कमी उष्णतेत वितळतो, झरझर पसरतो आणि छान चकाकतो, म्हणजे करणाऱ्याला सगळीकडून सोयीचा. शिसं मात्र अन्नात उतरतं, आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी त्याचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण माहीत नाही. डोळ्यांनी पाहून भेसळ ओळखता येत नाही, मीही ओळखू शकणार नाही. त्यामुळे दारावर आला म्हणून कुणाकडूनही कल्हई करून घेऊ नका. शुद्ध कथील खात्रीच्या दुकानातून बिलासह आणा आणि समोर बसून करून घ्या. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत विचारता येईल. इतर गावी जुन्या तांब्या-पितळेच्या दुकानदाराला कारागीर माहीत असतो. भांड्याबद्दल शंका असेल तर धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दाखवा. नातवाला आतापर्यंत काय काय खाऊ घातलं ते बालरोगतज्ज्ञांना सांगा. त्यांना गरज वाटली तर ते रक्तातल्या शिशाची तपासणी सुचवतील. त्याला अजून काही होत नाहीये, म्हणून थांबू नका. शिशाची लक्षणं सुरुवातीला दिसतच नाहीत.

प्रश्न : नॉनस्टिक तव्यावर चरे पडलेत. कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर वाचलं. टाकून देऊ?

थर निघू लागला असेल तर टाका, व्हॉट्सॲप काहीही म्हणो. पोटात गेलेला कण बहुधा तसाच बाहेर पडतो. मुख्य धोका तापवण्यात आहे. साधारण 260 अंशांच्या पुढे हा थर खराब होऊ लागतो आणि आणखी तापला की विषारी धूर सोडतो. पिंजऱ्यातले पक्षी त्यानं मरतात. ‘पीएफओए फ्री’ या स्टिकरवर फार भाळू नका. पीएफओए हे तो थर बनवताना वापरलं जाणारं रसायन होतं आणि अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी ते 2015 पर्यंत बंद केलं. ते नाही म्हणजे तवा कितीही तापवावा, असं नव्हे. धिरडी, ऑम्लेट मंद आचेवर करा. भाकरीला लोखंडी तवा घ्या, घावनाला बिडाचा.

प्रश्न : हिमोग्लोबिन 9 आहे. लोखंडी कढईत भाज्या केल्या तर गोळ्या बंद करता येतील का?

गोळ्या डॉक्टरांनी सुरू केल्यात, बंदही तेच करतील. लोखंडी कढईतून अन्नात लोह उतरतं, आंबट पदार्थात जास्त. पण किती उतरेल याचा नेम नाही, त्यामुळे तो उपचार होऊ शकत नाही. घरात कुणाला थॅलेसेमिया (शरीरात लोह साठू शकतं असा रक्ताचा आनुवंशिक विकार) असेल तर ही कढई वापरण्याआधीच डॉक्टरांना विचारा. भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढा.

प्रश्न : ॲल्युमिनियमच्या भांड्यानं विस्मरण होतं का?

तसं सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, आणि कढी, सार त्यात ठेवू नका.

प्रश्न : कुकरची वाफ झाकणाच्या कडेनं जाते. बाजारातली साधी रिंग बसवली तरी तेच. सेफ्टी व्हॉल्व्हही तिथूनच घेतला, स्वस्त मिळाला. काही धोका आहे का?

आहे. कुकरमध्ये पाणी साधारण 120 अंशांवर उकळतं. दाब आणि उष्णता प्रमाणाबाहेर वाढली की सेफ्टी व्हॉल्व्हमधल्या धातूनं वितळून वाफेला वाट करून द्यायची असते. तुमचा स्वस्त व्हॉल्व्ह वेळेवर वितळेल, हे कोण सांगणार? रिंग आणि व्हॉल्व्ह कुकरच्याच कंपनीचे हवेत. झाकणाची कड वाकली असेल तर रिंग बदलून उपयोग नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवा आणि नवा घ्यायची वेळ आली तर आयएसआयची खूण पाहूनच घ्या. डाळ, तांदूळ पाण्यासकट निम्म्या कुकरच्या वर भरू नका. दुरुस्त होऊन येईपर्यंत डाळ भिजवून पातेल्यात शिजवा.