'हॉट' म्हणजे नुसतं गरम नव्हे

भाऊ, इंग्रजी बोलायला लागलास ना, मग 'हॉट'पासून जरा जपून. सावजीचा रस्सा पुढ्यात आला आणि पाहुणा म्हणाला 'इट्स हॉट', तर त्याला चटका बसला की तिखट लागलं? दोन्ही अर्थ होतात. तिखटाला सरळ 'स्पायसी' म्हण, घोळच नको.

माझीच फजिती ऐक. पहिली नोकरी, मे महिना, पारा 45 वर. मान पुसत साहेबांना म्हणालो, 'आय ॲम व्हेरी हॉट'. व्याकरणात चूक नव्हती बरं! पण माणसाला 'हॉट' म्हटलं की 'दिसायला आकर्षक' असाही अर्थ निघतो. अख्खं ऑफिस हसलं. उन्हाबद्दल बोलायचं तर 'इट्स व्हेरी हॉट टुडे'. त्यातलं 'इट' मराठीत शोधू नको. इंग्रजीला कर्ता लागतोच.

'टू हॉट'ही लोक बिनधास्त 'खूप गरम' म्हणून वापरतात. ते सोसवेना इतकं गरम. 'द टी इज टू हॉट टू ड्रिंक' म्हणजे चहा पिववत नाही. 'व्हेरी हॉट' चहा फुंकर मारून पिता येतो. कोमटाला 'ल्यूकवॉर्म'. आणि कुणी 'इन हॉट वॉटर' आहे असं ऐकलंस तर आंघोळ समजू नको, गडी अडचणीत आहे.