ओपन सोर्स प्रकल्पात तीन पॅच स्वीकारले गेले; आता कमिटरपद मागावे का?

तुम्ही नागपुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात, एका ओपन सोर्स (म्हणजे सर्वांना खुला कोड असलेल्या) प्रकल्पात तुमचे तीन पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, स्वीकारले गेले आहेत आणि आता कमिटरपदासाठी विचारावे का, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते इतक्यात विचारू नये. पहिला पॅच स्वीकारला गेला त्याच दिवशी तुम्ही कॉन्ट्रिब्युटर, म्हणजे योगदान देणारे, झालात; कमिटरला मात्र मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचा अधिकार असतो आणि तो अर्ज करून सहसा मिळत नाही.

प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी असते. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत व्यवस्थापन समितीचे सदस्य आपसांत चर्चा व मतदान करून नव्या कमिटरला निमंत्रण देतात. कुबरनेटीस या दुसऱ्या मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पात साधे सदस्यत्व मिळवायलाही दोन जुन्या रिव्ह्यूअरांची, म्हणजे इतरांचे बदल तपासणाऱ्यांची, शिफारस लागते. म्हणजे तुमचे काम जवळून पाहिलेली माणसे आधी असावी लागतात, आणि ती तुम्हाला मुख्यतः रिव्ह्यूमध्ये भेटतात.

मी धरमपेठेतल्या माझ्या खोलीत बसून लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचा मराठी अनुवाद करायला सुरुवात केली, तेव्हा एका वाक्यातल्या ‘%प्रॉडक्टनेम’ या खुणेचेही भाषांतर करून बसलो. त्या जागी सॉफ्टवेअरचे नाव आपोआप येते. खूणच बदलल्यामुळे ते येईना. एका अनुभवी अनुवादकाने चूक दाखवली, तेव्हा मी तेवढे एक वाक्य सुधारून थांबलो नाही, तर माझे आधीचे सगळे अनुवाद पुन्हा तपासले आणि तसे कळवले. त्यानंतर तेच मला इतरांचे अनुवाद तपासायला सांगू लागले. माझ्यावरचा विश्वास त्या तपासणीने वाढला, अनुवादांच्या संख्येने नव्हे, असे मला आजही वाटते.

उशीर लागला तर तो अपमान समजू नका. ‘जिया तान’ या नावाने वावरणाऱ्या कोणी एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात दोनेक वर्षे नेटाने काम करून मेंटेनरचे, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचे, अधिकार मिळवले आणि त्यात चोरवाट पेरली. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्यांना एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून शिरण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले, म्हणून ती सापडली. बहुतेक मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून, फावल्या वेळात करतात. अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देताना त्यांनी दहादा विचार केला तर त्यात वावगे काही नाही.

तेव्हा चौथा पॅच लिहिण्याआधी इतरांनी नोंदवलेला, कोणी हात न लावलेला एखादा बग घ्या, तो तुमच्या संगणकावर घडवून पाहा आणि कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पायऱ्यांनी तो दिसतो हे त्या नोंदीखाली नीट लिहा. तुमच्या आधीच्या तीन पॅचांपैकी एखाद्यामुळे पुढे काही बिघडले असेल, तर मात्र सर्वांत आधी ते दुरुस्त करा.