२००० वॉटचा हीटर एक्स्टेन्शन बोर्डवरून चालवला तर चालेल का?

नको, अजिबात नको. २३० व्होल्टवर २००० वॉट म्हणजे जवळपास ८.७ अँपिअर करंट, आणि तो पाच-दहा मिनिटं नाही तर तासन्‌तास वाहतो, साधा एक्स्टेन्शन बोर्ड आणि त्याची बारीक वायर एवढं झेपतच नाही. हीटरला घरातल्या मेन बोर्डापासून वेगळी लाईन घ्या, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट आणि १६ चाच एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडून लाईन बंद करणारा स्विच), एमसीबी पडतो म्हणून मोठा बसवायचा नाही, तो वायरला वाचवायला असतो.

खरी आग बहुतेक वेळा ढिल्या जॉइंटपाशी लागते. मेन बंद करून, टेस्टरने सप्लाय गेल्याची खात्री करून सॉकेट उघडून बघा, टर्मिनलचा स्क्रू सैल असेल तर तिथलं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालेलं दिसेल, तेवढा तुकडा कापून नवीन टोक सोलून घट्ट आवळा, सॉकेट काळं पडलं असेल तर बदलाच.

अर्थिंग नसेल तर हीटर लावूच नका हो, बॉडीला करंट आला की जीवावर बेततं. सोबत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच सप्लाय तोडणारा स्विच, हवाच. नवीन लाईन मात्र लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच ओढून घ्या.